दोन किलो पापुद्रे

एकतीस वर्षं मार्केट यार्डात काट्यावर आहे.
कांदा मोजतो. पापुद्रा कुणी मोजत नाही.
तो झाडून जातो, वाऱ्यावर नाचतो, घामाला चिकटतो,
रात्री शमशाद माझ्या कॉलरीतून काढते, काही न बोलता.

गड्ड्याची जत्रा उठली त्या आठवड्यात
बिश्केकहून पोरीचा फोन.
"अब्बा, कांद्याची सालं पाठवाल?"
मला वाटलं, रेंज नाही.
"सालं, अब्बा. वाळकी. लालवाली."

तहसीन तिथं डॉक्टरकी शिकते, चौथं वर्ष.
झिनाइदा नावाच्या म्हातारीकडं खोली घेतलीय.
ईस्टरला त्यांच्यात अंडी रंगवतात म्हणे,
सालांच्या पाण्यात उकडून.
तिथला कांदा फिका, रंग धरत नाही.
तिच्या चर्चात आता अठरा डोकी,
पोरंबाळं कधीच रशियाला गेली.

पहिल्या वर्षी पोरगी काय हरखलेली!
"इथं आपण जास्त आहोत अब्बा!
राज्य कुठल्याच धर्माचं नाही, पण ईदला सुट्टी,
आणि खोली बघायला गेलं
तर आडनाव दोनदा विचारत नाहीत."
जास्त असणं कसं असतं, मला काय ठाऊक.
मी विचारलं, जेवलीस का.

या खेपेला हळू बोलत होती.
"म्हातारी सणाचं नाव घेताना आवाज खाली घेते.
स्वतःच्या स्वयंपाकघरात. दार लोटून.
कुणी काही म्हणत नाही तिला, खरंच नाही,
वरचे काका तिचं सामान जिन्यानं चढवून देतात.
तरी घेते.
मला तो आवाज ओळखीचा वाटला अब्बा.
एसटीत मामूचा फोन यायचा
तेव्हा तुम्ही सलाम असाच करायचात,
तोंड खिडकीकडं. खोकल्यासारखा."

मी म्हणालो, रेंज जातेय.

दुसऱ्या दिवशी गोणीच्या तोंडाशी बसून
सालं वेचली. निवडून. तांबूस, अखंड.
इरप्पा हमाल बघत उभा.
"काय की ओ नदाफ, येडं लागलं का?"
म्हणालो, केसाला लावायला.
खोटं का बोललो?
इरप्पाला सांगितलं असतं तर तो हसला असता,
आणि अजून दोन मुठी दिल्या असत्या.

कुरियरवाल्या पोरानं पिशवी हुंगली.
"काका, झाडपाल्याचा माल देशाबाहेर जात नाही."
माझ्याच काट्यावर भरलेले दोन किलो,
एवढ्याला पोतं लागतं,
ते सायकलला बांधून
विजापूर वेशीतून परत आणलं.
उतारावर दोन पापुद्रे उडाले.
थांबलो नाही.

एप्रिलमध्ये पोरगी म्हणाली, आज त्यांचा सण.
शमशादनं न विचारता पातेलं चढवलं.
पाणी आधी चहासारखं, मग मेंदीसारखं,
मग असं लाल, की दोघंही गप्प.
सहा अंडी. एक तडकलं.

मोबाईलवर म्हातारी दिसली. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल.
अंडी बघून तोंडावर हात ठेवला,
मग हात काढला
आणि तिच्या भाषेत काहीतरी ओरडली,
खच्चून, आमच्या भिंतीवरचं घड्याळ हलेल असं.
तहसीन मागं हसत होती, की रडत,
त्या फोनवर कळत नाही.

मी सवयीनं उठलो, खिडकी ओढायला.
कडीवर हात, बोटं मनगटापर्यंत तांबडी.
खालून इरप्पाची बायको,
धुणं पिळता पिळता मान वर करून:
"काय शिजवलाव भाऊ? कसला वास सुटलाय!"

सांगायला तोंड उघडलं
आणि मला कळेना
कुठल्या आवाजात सांगतात.